पिशवी काढा म्हणायच्या आधी बाईला मधला रस्ता तरी दाखवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात महिलांच्या आरोग्यावर अधूनमधून लेख येतात, शिबिरांच्या बातम्या येतात, फोटो येतात, चांगलंच आहे, पण पाळीत जास्त अंगावर जाणं, पिशवीतल्या म्हणजे गर्भाशयातल्या गाठी आणि त्यापायी होणारं पिशवीचं ऑपरेशन हे आपल्या जळगाव धुळे नंदुरबार भागात गावोगाव चालू असताना त्याबद्दल नीट समजेल असं काही छापून येताना दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. मोठं झालंय, जमलं तर दोन भागात छापा पण अर्धं कापू नका ही विनंती.

मी डॉक्टर नाही. डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमधे बरीच वर्षं काम करते. रक्त घ्यायचं, तपासायचं, रिपोर्ट द्यायचा. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांची चिठ्ठी घेऊन बाया येतात, समोरच्या स्टुलावर बसतात आणि डॉक्टरांसमोर जे तोंडातून निघत नाही ते मी हाताला पट्टा बांधत असताना बोलून टाकतात. चिठ्ठीवर सीबीसी, ब्लड ग्रुप, शुगर, क्रिएटिनिन, एचआयव्ही हे सगळं ठरलेलं असतं, त्याच्याखाली ऑपरेशनचं नाव आणि वर कोपऱ्यात वय. ३५. ३२. कधी २९ पण असतं. ते वय रजिस्टरला लिहिताना दर वेळी वाटतं की एवढ्या लवकर ही गोष्ट इथपर्यंत आलीच कशी.

आणि रक्त कसं असतं ते सांगते. जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेलं रक्त जरा वेळ स्टँडला उभं राहिलं की लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी येतं. धडधाकट बाईच्या नळीत लाल भाग चांगला एक तृतीयांशाच्या वर असतो, ह्या बायांच्या नळीत खाली एवढासा लाल थर आणि वर सगळं पिवळं पाणी. काचपट्टीवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पेशी लहान लहान, मधे पांढुरक्या आणि फक्त कडेला लालसर रिंगण. हिमोग्लोबिन साडेसहा, सात, कधी पाचाच्या पण खाली. बायकांना १२ असायला पाहिजे. आणि ही बाई एसटीनं उभी राहून आलेली असते, सकाळी घरचं पाणी भरून, भाकरी करून, उपाशी पोटी यायला सांगितलं म्हणून काही न खाता. कधीपासून त्रास आहे विचारलं तर म्हणते, तसा काही नाही ओ ताई, फक्त दम लागतो.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की आपल्याकडच्या बाईला दोनच गोष्टी माहीत आहेत. एक म्हणजे सोसायचं, आणि सोसणं संपलं की काढून टाकायचं. ह्या दोन्हीच्या मधे तपासण्या आहेत, गोळ्या आहेत, छोटे उपाय आहेत, नुसतं वाट बघणं पण एक उपाय आहे, तो सगळा मधला रस्ता तिला कोणी दाखवतच नाही. घरचे नाही, गावचे नाही, आणि सांगायला वाईट वाटतं पण पुष्कळदा दवाखान्यात पण नाही.

आधी गाठीचं बोलते कारण सगळी भीती तिथून सुरू होते. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर फायब्रॉइड लिहून आलं की घरात रडारड होते, गाठ म्हणजे कॅन्सर असंच सगळे धरून चालतात. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीचा जो स्नायू असतो त्याच्यातच वाढलेली गाठ, आणि ती साधी असते, कॅन्सरची नसते. अशा गाठीच्या जागी कॅन्सर निघणं फार म्हणजे फारच क्वचित. किती बायकांना असते म्हणाल तर अमेरिकेत एका अभ्यासात बायकांची सोनोग्राफी करून बघितलं तेव्हा पन्नाशीपर्यंत ७० ते ८० टक्के बायकांना लहान मोठी गाठ असते असं निघालं. म्हणजे शेजारपाजारच्या सगळ्या काकू मावशींची सोनोग्राफी केली तर कितीतरी जणींना निघेल आणि त्यातल्या बऱ्याच जणींना आयुष्यभर काहीच त्रास झालेला नसेल. ह्या गाठी बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर वाढतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, म्हणून पाळी चालू असते त्या वयात असतात आणि पाळी गेली की बहुतेक आपोआप आक्रसतात. आईला बहिणीला असेल तर आपल्याला असायची शक्यता जास्त, वजन जास्त असेल तर जास्त, पाळी लहान वयात सुरू झाली असेल तरी जास्त. जड उचलल्यानं होत नाहीत, उष्ण खाल्ल्यानं होत नाहीत, आणि कोणाची नजर लागून तर नाहीच नाही. हे मुद्दाम लिहिते कारण लॅबमधे सासू सुनेला बोलताना मी ऐकलंय की तू पाळी पाळत नाहीस म्हणून हे झालं. त्या पोरीचं हिमोग्लोबिन सात होतं आणि ती मान खाली घालून ऐकत होती.

गाठ किती मोठी यापेक्षा ती कुठं आहे हे जास्त महत्वाचं. गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत डोकावणारी गाठ लहान असली तरी खूप रक्त जातं, गर्भ राहायला अडचण येते, गर्भपात होऊ शकतो. भिंतीच्या आतली गाठ मोठी झाली तर त्रास देते, लहान असेल तर पुष्कळदा काहीच नाही. बाहेरच्या अंगाला वाढलेली गाठ रक्तस्रावाला सहसा कारण नसते, ती मोठी झाली की लघवीच्या पिशवीवर दाब येऊन सारखं लघवीला लागतं नाहीतर मागं दाब येऊन पोट साफ होत नाही, कंबर भरून येते. म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना पहिलं हेच विचारायचं, गाठ कुठं आहे आणि माझा जो त्रास आहे तो ह्याच गाठीचा आहे का. कारण होतं काय की रक्त जातंय म्हणून सोनोग्राफी केली, भिंतीत बोराएवढी गाठ सापडली, की झालं, कारण सापडलं असं धरून पुढं काही बघितलंच जात नाही. थायरॉइड कमी असलं तरी पाळीत खूप जातं. गर्भाशयाचं आतलं अस्तर भिंतीच्या स्नायूत शिरतं ज्याला ॲडिनोमायोसिस म्हणतात त्याच्यानं जातं, पॉलिपनं म्हणजे आतल्या अस्तराला फुटलेल्या कोंबानं जातं, हार्मोनचा तोल बिघडला तरी जातं, तांबी म्हणजे कॉपर टी बसवली असेल तर तिच्यानं पण वाढतं. लहान वयाच्या पोरींना पाळी सुरू झाल्यापासूनच खूप जात असेल तर रक्त गोठण्याचा आजार पण असू शकतो. टीएसएच ही थायरॉइडची साधी रक्ताची तपासणी आहे, नळीभर रक्तात होते, पण ऑपरेशनच्या चिठ्ठीवर ती लिहिलेली मी फार कमी वेळा बघितलीय. पंचेचाळीसच्या पुढं असं रक्त जायला लागलं तर आतल्या अस्तराचा तुकडा घेऊन बायोप्सी करावी लागते, आणि पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी पडला तरी लगेच दाखवायचं, तिथं वाट बघायची नाही.

आता जास्त म्हणजे किती, हे पण आपल्याकडं कोणी सांगत नाही. आईनं सांगितलेलं असतं की बाईच्या जातीला हे असतंच. तर सात दिवसापेक्षा जास्त दिवस जात असेल, पॅड किंवा कपडा तासा दोन तासाला बदलावा लागत असेल, रात्री त्याच्यासाठी उठावं लागत असेल, एकावर एक दोन लावावे लागत असतील, रक्ताच्या मोठ्या मोठ्या गुठळ्या पडत असतील, त्या दिवसात घराबाहेर पडता येत नसेल, तर ते जास्त आहे. ते नेहमीचं नाही, त्याला उपचार आहे. माझ्या लॅबमधे येणाऱ्या बाया कपड्याच्या घड्या किती भिजतात ते बरोबर सांगतात, फक्त त्यांना आजवर कोणी विचारलेलं नसतं.

सोसतात का, तर त्याला कारणं आहेत आणि ती खरी आहेत. आपल्याकडं कापूस वेचणी सुरू झाली की किलोवर मजुरी, दिवसभर वाकून, कमरेला ओटी बांधून, शेतात आडोसा नाही, कपडा बदलायला जागा नाही. केळीच्या बागेत तेच. दसरा दिवाळी झाली की नंदुरबार नवापूर साक्रीकडच्या टोळ्या गुजरातेत ऊसतोडीला जातात, चाळीसगावकडच्या पश्चिम महाराष्ट्रात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक खाडा पडला की पैसे कापले जातात. अशा बाईला दर महिन्याला फॉलोअपला या म्हटलं तर ती कशी येणार. मग एकदाच काय ते उरकून टाकू, परत परत दवाखाना नको, पाळीची कटकटच नको, असं तिला स्वतःलाच वाटतं आणि समोरून पण तेच सांगितलं की तिचा निर्णय तिथंच होतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावची वहिनी जेठानीबरोबर आलेली, मला म्हणाली, "आते पोरं व्हई ग्यात, पिशवी ठेईसन काय करनं शे? डॉक्टर सांगस काढी टाक, नही तं कॅन्सर व्हई जाई." तिशीच्या जरा पुढची असेल. तिच्या सोनोग्राफीत भिंतीतली दोन सेंटिमीटरची गाठ होती. ऑपरेशन झालं. नंतर काही वर्षांनी ती कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासायची चिठ्ठी घेऊन परत आली, हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही, चिडचिड होते आणि नवरा म्हणतो तुझं डोकं फिरलंय. हातातल्या थैलीतून डिस्चार्ज कार्ड काढून दाखवलं. त्याच्यावर लिहिलेलं, टीएएच विथ बीएसओ. म्हणजे गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयं आणि नळ्या पण काढलेल्या. तिला माहीतच नव्हतं. तिच्या घरच्या कोणालाच माहीत नव्हतं. अंगठा मात्र घेतलेला होता.

हे का महत्वाचं ते लिहिते. गर्भाशय मूल वाढवायला आणि पाळीला, पण हार्मोन तयार करायचं काम अंडाशयं करतात. ती काढली की त्याच दिवशी बाईची पाळी जाण्याची अवस्था सुरू होते, हळूहळू नाही, एकदम. आपल्याकडं साधारण ४६-४७ च्या आसपास जे नैसर्गिकपणे होतं ते हिला बत्तिशीत झालं. तेवढी जास्तीची वर्षं हाडं झिजत राहतात, हृदयाच्या आजाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवून नुसतं गर्भाशय काढलं तरी पाळी जाण्याची अवस्था काही वर्षं लवकर येऊ शकते. काही कारणानं अंडाशयं काढायचीच वेळ आली तर नंतर हार्मोनच्या गोळ्या, कॅल्शियम, हाडांची तपासणी याबद्दल बोलायला पाहिजे, ते पण कोणी बोलत नाही. म्हणून सही करायच्या आधी विचारायचं की अंडाशयं ठेवणार का काढणार, काढणार असाल तर का. हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही आणि हा प्रश्न ऐकून चांगला डॉक्टर कधी रागवत नाही.

मधला रस्ता काय आहे, मला जेवढं खात्रीनं माहीत आहे तेवढं लिहिते, औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. गाठ आहे पण त्रास नाही तर काहीच करायचं नाही, सहा महिन्यांनी वर्षानी सोनोग्राफी करून बघायचं, बस. रक्त जास्त जातंय तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या असतात, पाळीच्या त्या तीन चार दिवसातच घ्यायच्या, रक्त बरंच कमी होतं, पण ज्यांना पायात वगैरे रक्ताची गुठळी होऊन गेलीय त्यांनी नाही. मेफेनॅमिक ॲसिडनं दुखणं थांबतं आणि रक्त पण थोडं कमी होतं. हार्मोनच्या गोळ्या असतात. हार्मोनवाली तांबी असते, साध्या कॉपर टी सारखीच आत बसवतात पण काम उलटं, कॉपर टीनं रक्त वाढू शकतं आणि हिच्यानं इतकं कमी होतं की काही जणींची पाळी जवळजवळ बंदच होते, एकदा बसवली की पाच वर्षं तरी चालते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला, जिला महिन्या महिन्याला येणं जमत नाही, तिच्यासाठी तर हा मोठाच आधार आहे, पण माझ्याकडं आलेल्या किती जणींनी हिचं नाव तरी ऐकलं होतं? जवळजवळ कोणीच नाही. गाठीनं आतली पोकळीच वेडीवाकडी झाली असेल तर ही तांबी टिकत नाही हे पण खरं, ते सोनोग्राफी बघून डॉक्टर ठरवतील. काही इंजेक्शनं आणि गोळ्या अशा आहेत की गाठ तात्पुरती लहान होते, पाळी थांबते, तेवढ्यात हिमोग्लोबिन वर आणता येतं, औषध बंद केलं की गाठ परत वाढू शकते म्हणून ती बहुतेक ऑपरेशनच्या आधी देतात. पोकळीतली गाठ दुर्बिणीनं खालूनच काढता येते, पोटावर टाका नाही. बाकीच्या गाठी पण नुसत्या गाठी काढून गर्भाशय ठेवता येतं, ज्यांना अजून मूल पाहिजे त्यांच्यासाठी तर हेच, फक्त पुढं परत नवीन गाठ होऊ शकते ते सांगायला पाहिजे. मोठ्या शहरात गाठीला रक्त पुरवणारी नस आतून बंद करायचा उपाय पण करतात, मांडीतून नाहीतर मनगटातून बारीक नळी घालून, ज्यांना पुढं मूल पाहिजे त्यांनी त्याबद्दल नीट विचारून घ्यावं. गाठ विरघळवतो म्हणून काढे आणि पुड्या विकणारे बाजारात आहेत, त्यांच्यामागं पैसे आणि महिने घालवून बाया पाच हिमोग्लोबिनवर माझ्याकडं येतात, त्यांना हात जोडून सांगणं आहे की निदान रक्त तपासत राहा.

आणि गर्भाशय काढायचं ऑपरेशन वाईट आहे असं मी म्हणत नाही, हे नीट छापा. गाठी खूप मोठ्या झाल्यात, पाच महिन्याच्या पोटासारखं पोट दिसतंय, औषधं करून झाली, रक्त थांबत नाही, मूल नको आहे, बाई सगळं समजून हो म्हणतेय, तर ते ऑपरेशन तिला जगवतं. कॅन्सर असेल तर प्रश्नच नाही. ज्या बायका इतकं सोसतात की पाच हिमोग्लोबिनवर चक्कर येऊन पडेपर्यंत येत नाहीत त्यांचं पण हे पत्र तेवढंच आहे. पण पांढरं जातंय म्हणून, पिशवीच्या तोंडाला सूज आहे म्हणून, कंबर दुखते म्हणून, तिशी पस्तिशीत गर्भाशय काढणं हे कुठल्या हिशोबात बसतं? पांढरं जाणं बहुतेक वेळा इन्फेक्शन असतं, औषधानं बरं होतं, नवऱ्याला पण सोबत औषध घ्यावं लागतं कधी कधी, तिथंच घोडं अडतं.

अजून एक लॅबच्या बाजूनं. काढलेलं गर्भाशय फॉर्मलिनच्या डब्यात घालून तपासायला पाठवतात, हिस्टोपॅथॉलॉजी म्हणतात त्याला. तो रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा, तो तुमचा आहे. काही ठिकाणी खर्च वाचवायला पाठवतच नाहीत, मग आत खरंच काय होतं ते कोणालाच कधी कळत नाही. आणि पाठवलेल्यातले काही रिपोर्ट वाचताना मला वाईट वाटतं, कारण त्याच्यात गाठ नसतेच, साधी सूज लिहिलेली असते.

रक्ताचं पण दोन ओळी. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ ला ५४ टक्के निघाल्या. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आशाताई घरी आणून देतात, आणि त्या डब्यात पडून राहतात कारण मळमळतं आणि संडास काळी होते म्हणून घाबरतात. काळी होणारच, त्याला घाबरायचं नाही. चहाबरोबर घ्यायची नाही, चहाच्या आधी नंतर तासभर जाऊ द्यायचा, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर अंगी लागते. हिमोग्लोबिन बारा झालं की लगेच बंद करायच्या नाहीत, पुढं तीन महिने तरी घ्यायच्या, म्हणजे शरीरातला साठा भरतो. गोळ्या सोसतच नसतील तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन देता येतं. पण रक्त वाहत असेल आणि ते थांबवलं नाही तर नुसत्या गोळ्यांनी काही होत नाही, दोन्ही बरोबर पाहिजे. आणि धडगाव अक्कलकुवा तळोदा ह्या बाजूच्या, भिल्ल पावरा समाजाच्या बायांची रक्तक्षयात सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालीच पाहिजे, कारण तिथं रक्त कमी असायचं कारण वेगळं असू शकतं आणि न बघता लोह देत राहणं बरोबर नाही. २०२३ च्या जुलैत केंद्राची सिकलसेलची मोहीम सुरू झाली, कार्ड वाटली गेली, तर ऑपरेशनच्या आधी ते कार्ड निदान बघायला तरी पाहिजे.

आता सरकारच्या बाजूचं. बीडचं सगळ्यांना आठवत असेल, ऊसतोड बायकांचं. २०१९ ला तिथं सर्वे झाला, नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती होती, ८२ हजारावर बायकांत १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सगळा महाराष्ट्र हादरला. पण ते बीडचं म्हणून सोडून दिलं गेलं. आपल्याकडून पण टोळ्या जातात, आपल्याकडं पण मुकादम आहेत, उचल आहे, खाडा आहे. देशाच्या सर्वेक्षणात १५ ते ४९ च्या बायकांत शंभरात तीन जणींचं गर्भाशय काढलेलं आहे आणि ऑपरेशनच्या वेळचं वय चौतिशीच्या आसपास येतं, दोन तृतीयांशाच्या आसपास ऑपरेशनं खाजगीत. राजस्थानातले डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी ह्याच प्रश्नावर २०१३ ला सुप्रीम कोर्टात याचिका घातली, दहा वर्षं चालली, आणि ५ एप्रिल २०२३ ला कोर्टानं सांगितलं की केंद्रानं गरज नसलेली गर्भाशयाची ऑपरेशनं थांबवायला जे नियम केलेत ते सगळ्या राज्यांनी तीन महिन्यात लागू करायचे. त्या नियमात जिल्ह्याला देखरेख समिती आहे, चाळीसच्या आतल्या बाईचं गर्भाशय काढलं तर त्याची नोंद घ्यायची, कारण बघायचं, खाजगी दवाखान्यानं पण माहिती द्यायची.

संपादक साहेब, माझी मागणी तुमच्याकडं आहे. तुमचे वार्ताहर तिन्ही जिल्ह्यात आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा शल्यचिकित्सकांना जाऊन विचारा की ही समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, गेल्या वर्षी चाळीसच्या आतल्या किती बायकांची गर्भाशयं काढली गेली, त्यातली किती खाजगीत आणि कारण काय लिहिलं. माहितीच्या अधिकारात मागा वाटलं तर. तिन्ही जिल्ह्यांना आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टरांना आठवड्यातनं एकदा तुमच्या पानावर बायकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला सांगा, नाव न छापता प्रश्न घ्या, बाया विचारतील, माझ्या स्टुलावर रोज विचारतात. हार्मोनवाली तांबी ग्रामीण रुग्णालयात मिळते का, थायरॉइडची तपासणी तिथं होते का, सोनोग्राफीचं मशीन चालू आहे का बंद पडून आहे हे पण एकदा तालुक्या तालुक्यात जाऊन बघा. आणि शल्यचिकित्सकांकडून जे उत्तर येईल ते छापा, आकडा मोठा आला तरी छापा आणि आकडाच ठेवलेला नाही असं उत्तर आलं तर तेच मोठ्या अक्षरात छापा.

माझं नाव छापू नका, गाव लहान आहे आणि ज्या बायांचं लिहिलंय त्या ओळखू येतील.

आपली,
लॅब टेक्निशियन, एक नियमित वाचक
ता. चोपडा, जि. जळगाव